हिप्परगा नक्की कोणतं? सोलापुरातून घराण्याचा माग काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबा सोलापुरात जुन्या मिलमध्ये कामाला होते. आजी घरात कानडी बोलायची, वडील मराठी शाळेत शिकले, तुम्हाला कानडी समजतं पण बोलता येत नाही. आजोबा ‘आपण मोगलाईतले’, म्हणजे निजामाच्या मुलखातले, एवढंच म्हणायचे. आत्या गावाचं नाव ‘हिप्परगा’ सांगतात. घरात कागद काहीच नाही. दिवाळीला सगळी भावंडं जमणार आहेत, त्याआधी वंशावळ उभी करायची आहे. आणि आडनाव टाकलं की कुळ, गोत्र, मूळ पुरुष सगळं सांगणारं एक संकेतस्थळ आहे, त्याला पैसे भरावेत का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. भरू नका. त्या पैशात आत्यांना साडी घ्या आणि त्यांच्याकडे दोन दिवस राहायला जा.

आडनावावरून मागे जाता येतं ही समजूत आमच्या सोलापुरात फार लवकर मोडते. इथल्या कितीतरी घरांत आडनाव शाळेच्या दाखल्याएवढंच जुनं आहे. गावाकडे माणूस ‘अमक्याचा तमका’ म्हणून ओळखला जायचा. मिलच्या दारात आल्यावर कारकुनाने विचारलं, आडनाव काय? कुणी गावाचं नाव सांगितलं, त्याला ‘कर’ लागला. कुणी धंदा सांगितला, कुणी वतन सांगितलं. पोराला शाळेत घालताना मास्तरांनी तिसरंच काही लिहिलं. सख्ख्या तीन भावांची तीन आडनावं मी स्वतः कागदावर पाहिली आहेत. उलट एकाच आडनावाची दोन घरं शेजारीशेजारी राहतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. म्हणून माग काढायचा तो गावाचा. सातबारा गावाचा असतो, कोतवालाचं बुक गावाचं असतं, तीर्थक्षेत्रीच्या पुजाऱ्यांच्या वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात. गाव हाती आलं की आडनाव बदललेलं असलं तरी माणूस सापडतो. गाव चुकलं तर दुसऱ्याच घराचे पूर्वज गोळा होतात.

‘घरात कागद काहीच नाही’ हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. मोडी वाचून देण्याचं काम करतो, त्यामुळे लोक येतात ते बहुतेक जात पडताळणीच्या निमित्ताने. तुमच्या घरात, चुलत्यांकडे, चुलत भावंडांकडे कुणी तरी पडताळणी केलेली असणारच. ती फाइल आधी मागवा. पडताळणीत ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे ज्याने फाइल केली त्याने आजोबांचा किंवा त्यांच्या भावाचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा कुठून तरी काढलेला असतो, आणि सोबत शपथपत्रावर वंशावळही असते. मात्र ती वंशावळ कामापुरती केलेली असते. ज्या फांदीवरून दाखला मिळतो तेवढीच फांदी, आणि त्यात बाया नाहीत. तिला सुरुवात समजा. शाळेच्या उताऱ्यावरची जन्मतारीख तर अजिबात मनावर घेऊ नका. जुन्या पिढीचं निम्मं सोलापूर १ जूनला जन्मलेलं आहे, कारण मास्तरांना शाळा सुरू होताना पोराचं वय बसवायचं असायचं. त्या उताऱ्यात बघायचं ते जन्मस्थळ, पालकाचं पूर्ण नाव, पालकाचा धंदा आणि आधीची शाळा. आधीच्या शाळेच्या रकान्यात गाव सापडलं तर तुमचं अर्धं काम झालं.

मग माळ्यावर चढा. पितळेची घागर, हंडा, ताट, तांब्या, जे असेल ते खाली काढा. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालूनच द्यायचे, आणि नाव घालणारा सगळं घालायचा: कुणाकडून, कुणाला, कोणत्या गावाहून, कधी कधी तारीखसुद्धा. अक्षरं झिजलेली असतात. चिंचेने घासून लख्ख करायची घाई करू नका, त्यात उरलीसुरली अक्षरंही जातात. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, अक्षरांवर थोडी तांदळाची पिठी चोळा, वरची हलकेच झटका. कोरलेल्या रेघांत पिठी बसते. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी बाजूने, अगदी आडवी धरून फोटो काढा. माझ्या आजोळी एका घागरीवर मला असं दिसलं: एका बाईचं नाव, ‘हिस मामाकडून’, आणि पुढे वैरागजवळच्या एका गावाचं नाव. त्या मामाचं घर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या पणजीचं माहेर त्या एका ओळीवरून लागलं. तोवर सगळ्यांच्या वंशावळीत ती ‘थोरली आई’ एवढीच होती.

रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, मृत्यूचे दाखले, लग्नपत्रिका, फोटोंच्या पाठीवरचं शाईचं लिखाण हे तुम्हीच शोधाल, त्यावर वेळ घालवत नाही. आजोबा मिलमध्ये होते म्हणून एवढं विचारून ठेवा की बिल्ला, हजेरीचं कार्ड किंवा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद कुणी जपलाय का. फंडाचा कायदा १९५२ चा, त्यामुळे त्याआधी कामावरून सुटलेल्या माणसाचा असा कागद मिळणार नाही. पण नंतरचा असेल तर वारस म्हणून कुणाचं नाव लावलं ते त्यात असतं, आणि ते नाव दर वेळी बायकोचंच असतं असं नाही. बंद पडलेल्या मिलचं दप्तर शोधत फिरण्यात मात्र वर्ष घालवू नका. मी घालवलंय.

आता आत्या. त्यांच्याकडे वही घेऊन ‘आजोबांच्या वडिलांचं नाव काय, त्यांच्या वडिलांचं काय’ अशी तपासणी सुरू केलीत की त्या दहा मिनिटांत ‘मला बाई काही आठवत नाही’ म्हणून उठतील. म्हातारी माणसं नावं विसरतात, पण रस्ते, जेवणं, लग्नं आणि भांडणं विसरत नाहीत. लग्नाची गाडी कुठून निघाली, मुक्काम कुठे पडला, तुमच्या आईचं पहिलं बाळंतपण कुठे झालं, जत्रेला कुठे जात होता, देवाला काय चालत नव्हतं, कोणत्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही असं बजावलं होतं, असं विचारा. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि त्या कानडीत शिरल्या तर शिरू द्या. थांबवून ‘मराठीत सांगा’ म्हणालात की गोष्ट तुटते. नंतर कुणाकडून तरी अर्थ लावून घेता येतो.

बायकांच्या तोंडून सासरची नावं काढणं हा वेगळाच प्रकार आहे. नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि नव्वदीतसुद्धा ते सुटत नाही. एका आजींकडे मी आणि त्यांचा नातू बसलो होतो. सासऱ्याचं नाव त्यांना पक्कं आठवत होतं, पण तोंडातून निघेना. नातू वैतागला. मी म्हटलं, आजी, कशावरून होतं ते सांगा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘तळ्यातला देव नाही का.’ सोलापूरकराला यापुढे काही सांगावं लागत नाही: तळ्यातला देव सिद्धेश्वर, म्हणजे सासरे सिद्राम. पुढे धीर आल्यावर त्यांनी दिराचं नाव ‘बाळ्याचा देव’ असं सांगितलं. सोलापूरजवळच्या बाळे गावात खंडोबा आहे. कागदावर तो दीर ‘खंडप्पा’ निघाला.

सालं विचारू नका, घटना विचारा. ‘मानमोडी’ म्हटली की १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ‘मार्शल लॉ’ म्हटलं की सोलापुरात १९३० चा मे-जून, दुसरं काही नाही. ‘रझाकारात आलो’ म्हणजे १९४७-४८. ‘सुकडी खाल्ली, खडी फोडली’ म्हणजे १९७२ चा दुष्काळ. करमाळा-माढ्याकडची माणसं ‘धरणात गाव गेलं’ म्हणतील ते उजनीचं. तुमचे आजोबा मोगलाईतून आले ते मार्शल लॉच्या आधी की रझाकारात, एवढं कळलं तरी पुढे कोणती दप्तरं उघडायची हे ठरतं.

इथे थोडा भूगोल सांगावा लागेल, कारण सोलापूरचा खरा घोळ इथेच आहे. आपलं शहर हे जणू वेशीवरचं गाव. जिल्ह्याचं हे सलग रूपही फार जुनं नाही: बार्शी, माढा, करमाळा हा भाग पूर्वी नगरच्या अखत्यारीत मोजला जात होता, १८७१ ला जिल्हा पुन्हा बांधला तेव्हा पंढरपूर-सांगोला साताऱ्याकडून आले आणि माळशिरस १८७५ ला. अक्कलकोट संस्थान होतं, ते १९४८ ला विलीन झालं. पूर्वेला तुळजापूर-नळदुर्गापासून पुढे सगळी निजामाची हद्द, तिलाच आपल्याकडे मोगलाई म्हणायचे. ती सप्टेंबर १९४८ ला संपली. इंडी-सिंदगी हा विजापूरचा भाग मुंबई इलाख्यात होता, तो १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. निजामाचे मराठी जिल्हे त्याच वर्षी मुंबई राज्यात आले आणि गुलबर्गा म्हैसुरात गेला. म्हणजे सोलापुरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावर तीन-चार वेगवेगळ्या राजवटींची दप्तरं आहेत. मुंबई इलाख्यातलं जुनं दप्तर मोडीत, निजामाचं उर्दूत आणि त्याआधी फारसीत, आजचं मराठीत किंवा कन्नडमध्ये. उर्दूला घाबरू नका. सोलापुरात उर्दू शाळांतून निवृत्त झालेले मास्तर गल्लोगल्ली आहेत आणि चहावर कागद वाचून देतात. मोगलाईच्या कागदावर साल ‘फसली’ सनाचं, म्हणजे महसुली कालगणनेतलं, असेल तर त्यात ५९० मिळवा, अंदाजे इसवी सन येईल: १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. शके असेल तर ७८ मिळवा.

कचेरीत काय मागायचं? इंग्रजी मुलखातल्या गावासाठी, म्हणजे सोलापूर-मोहोळ-बार्शीकडे, सगळ्यात मोलाचा म्हणजे गाव नमुना १४. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातले जन्म-मृत्यू त्यात टिपलेले असतात, हल्ली कुणबी नोंदींच्या शोधामुळे त्याचं नाव घरोघरी गेलंय. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा. एकच साल लिहू नका, आठ-दहा वर्षांचा पट्टा लिहा, कारण आजोबांचं जन्मसाल तुम्हाला ठाऊक नाही आणि शाळेला तर ते मुळीच ठाऊक नव्हतं. मार्चअखेरीला जाऊ नका, कुणाला वेळ नसतो. शहरातला जन्म-मृत्यू महापालिकेत. एका कचेरीत मला तीन वेळा सांगितलं की त्या गावाचं बुक पाण्याने खराब झालं. चौथ्या खेपेला नवीन कारकून होता, त्याने शेजारच्या गावाच्या गठ्ठ्यातून ते काढून दिलं. माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी ठेवा, पण पहिल्या दिवशीच फडकावू नका.

मोडी पान हातात आलं की आधी तीन शब्द ओळखायला शिका. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, आणि मोगलाईच्या कागदात ‘वल्द’, तेही मुलगाच. हे तीन डोळ्यांत बसले की ओळ कुठे फुटते ते कळतं, एरवी मोडी हात न उचलता धावत जाते. ‘मौजे’च्या पुढे गाव, ‘मु॥’च्या पुढे मुक्काम. मरणाच्या रकान्यात ताप, पटकी, देवी असं कारण असतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. वंशावळीपुरतं मोडी दोन-तीन महिन्यांत येतं. सगळं स्वतः वाचायचं म्हणून अडून बसू नका, पण आपल्या माणसाचं नाव आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

जमीन असलेल्या घराला सातबाऱ्यापेक्षा फेरफार जास्त बोलतो. सातबारा आज कोण आहे ते सांगतो. फेरफार सांगतो की कोण वारलं, कधी वारलं, मागे कोण राहिलं. वारसाच्या फेरफारात विधवा असते, मुलगे असतात, आणि १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलीही असतात. त्याहून बोलका कागद हक्कसोडपत्र. भावांच्या नावे जमीन करताना बहिणींनी सही किंवा अंगठा दिलेला असतो, आणि त्यात त्यांचं सासरचं पूर्ण नाव, वय, राहण्याचं गाव सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं. वंशावळीत कुठेच नसलेल्या पाच बहिणी मला एका हक्कसोडीत एका पानावर भेटल्या. त्या पाच गावांतून पाच घरं निघाली, त्यांपैकी एका घरात पणजोबांचा फोटो होता. ज्या कागदाने बाया जमिनीवरून उठल्या, त्याच कागदात त्यांचे पत्ते राहिले.

मोगलाईतल्या गावासाठी खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना तक्ता, मागा, साधारण १९५४-५५ चं. ‘सेतवार’, म्हणजे शेतवार जमिनीचं जुनं दप्तर, हा शब्दही लक्षात ठेवा. सीमेपलीकडे गाव असेल तर सातबाऱ्याला तिथे पहाणी म्हणतात आणि कर्नाटक सरकारच्या भूमी योजनेत त्या संगणकावर आहेत. जुनं मात्र तालुक्याला जाऊनच बघावं लागतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्याकडे ती शंभर टक्के होणार. या पट्ट्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सिद्राम मल्लप्पा, त्याचा मुलगा मल्लप्पा सिद्राम, त्याचा मुलगा पुन्हा सिद्राम मल्लप्पा. एका घराची वंशावळ मी अभिमानाने सात पिढ्यांची करून दिली होती. वर्षभराने त्यांच्या सुनेने, ती बँकेत होती, मला शांतपणे विचारलं, ‘काका, हे सिद्राम एकशे वीस वर्षं जगले का?’ दोन सिद्राम मी एक केले होते आणि त्यांच्या दोन बायका एकाच माणसाच्या करून टाकल्या होत्या. बरं, दुसऱ्या बाजूने एकच मल्लप्पा दोनदा मोजला होता. तेव्हापासून मी प्रत्येक माणसाला नावासोबत आकडा देतो आणि एका माणसाला वहीचं एक पान. पानावर प्रत्येक गोष्टीपुढे ती कुठून कळली ते लिहितो: आत्यांनी सांगितलं, फेरफार अमुक, घागर. दोन ठिकाणी वेगळं आलं तर दोन्ही ठेवतो, खोडत नाही. झाड वगैरे काढायचं ते सगळ्यात शेवटी.

तुमच्यासारख्या कानडी पट्ट्यातल्या घराला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईकडच्यांना माहीतही नसते: हेळवी. सुगी झाली की बैलावर बसून येतात. कानडीत ‘हेळव’ म्हणजे पांगळा, म्हणून बैलावर बसूनच यायचं अशी रीत. दारात बैल उभा करून घराण्याची नावं म्हणायला लागतात, आणि आपण विसरलेले चुलते-मावळे त्यांच्या तोंडून बाहेर पडतात. त्यांच्याकडे वह्या असतात, घरात नवीन मूल झालेलं असलं की तिथेच नाव चढवतात आणि धान्य, कपडा, पैसे घेऊन पुढच्या घरी जातात. एकेका हेळव्याची गावं आणि घरं वाटलेली असतात. शहरात आलेल्या घरांकडे ते येत नाहीत, म्हणून गावातल्या भावकीला विचारायचं की आपल्या घराचा हेळवी कोण आणि यंदा कधी यायचा आहे. त्यांची सुरुवात देवादिकांपासून होते, ती ऐकून घ्यावी, मध्ये बोलू नये. अलीकडच्या पाच-सहा पिढ्या कागदाशी ताडून बघा, बऱ्याचदा जुळतात.

तुमची भावंडं कुठे कुठे लग्न होऊन गेली आहेत मला माहीत नाही, म्हणून बाकीच्या वाटाही भराभर सांगतो. सोलापूरच्या पूर्व भागातली पद्मशाली, म्हणजे विणकर, घरं तेलंगणातून आलेली. त्यांनी ‘इंटि पेरु’, म्हणजे घराचं नाव, आणि गोत्र विचारून तिकडचं गाव पकडावं. तेलंगणात पद्मशाल्यांची कथा आणि कुळं गाणारे कूनपुली आहेत, हेळव्यांसारखेच. ज्या घरांत श्राद्ध होतं तिथे तीन पिढ्या तर गुरुजींनाच पाठ असतात, आणि आईकडच्याही. लिहून मात्र कुणी घेत नाही. पंढरपूर, तुळजापूर, त्र्यंबकेश्वर इथल्या पुजाऱ्यांच्या वह्यांत तुमच्या घरचं कुणी यात्रेला गेलं असेल तर सही सापडते. मुसलमान घरांनी काझींच्या दप्तरातली निकाहाची नोंद बघावी, ख्रिस्ती घरांनी चर्चची बाप्तिस्म्याची वही. वतनदार महार, रामोशी, बलुतेदार घरांची नावं वतनाच्या कागदांत आहेत. विमुक्त घरांनी, म्हणजे इंग्रजांनी ज्यांच्या जमातींना गुन्हेगार ठरवलं त्यांनी, सेटलमेंटचं दप्तर विचारावं. सोलापुरात तारेच्या कुंपणात माणसं ठेवलेली होती आणि १९५२ ला तो गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. त्या नोंदी पोलिसी नजरेने केलेल्या आहेत, वाचताना राग येतो, पण कुटुंबातल्या माणसांची मोजदाद त्यांत आहे.

या शोधात नको ते बाहेर येतंच. दुसरं लग्न, दत्तक दिलेलं मूल, विहिरीतला मृत्यू. वहीत लिहा, पण ज्यांना लागेल अशी माणसं हयात असताना घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

आता तुमचं हिप्परगा. सोलापुरात हे नाव घेतलं की सगळे तुळजापूर रस्त्यावरचं हिप्परग्याचं तळं दाखवतात, एकरुखचा तलाव. तुमचे चुलत भाऊ तिथे जाऊनही आले म्हणता. पण ते गाव इंग्रजी मुलखातलं, आणि आजोबा तर मोगलाई म्हणायचे. देवर हिप्परगी विजापूरकडचं, तेही इंग्रजांचं. निजामाच्या हद्दीत मला दोन दिसतात. एक लोहारा तालुक्यातलं हिप्परगा रवा, जिथे १९२१ ला राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. आज धाराशिव जिल्ह्यात. दुसरं आळंद तालुक्यातलं मादन हिप्परगा, गुलबर्ग्याकडचं, आज कर्नाटकात. घरात कानडी होती म्हणून माझा कल मादन हिप्परग्याकडे आहे. पण आजी कानडी बोलायची याचा अर्थ आजीचं माहेर कानडी मुलखात होतं एवढाच निघतो, आणि तिकडे उमरग्याच्या बाजूलाही कानडी घरं आहेतच. अंदाजावर आळंदच्या कचेरीत जाऊन दिवस घालवू नका. एका गावाची दप्तरं उर्दू आणि मराठीत, दुसऱ्याची उर्दू आणि कन्नडमध्ये. दोन्हीकडे सिद्राम आणि मल्लप्पा भरपूर, त्यामुळे चुकीच्या गावातही तुम्हाला ‘आपले’ सापडतील.

म्हणून आत्यांकडे गेलात की नावांच्या आधी एवढंच विचारा: लहानपणी गावाला जाताना वाटेत नळदुर्गचा किल्ला दिसायचा, की अक्कलकोटला उतरून पुढे बैलगाडी मिळायची?